उंबराचे फूल आणि उत्क्रांती

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, ‘माकडाचा माणूस झालेला कुणी पाहिला?’ हा प्रश्न गप्पांत हमखास निघतो. जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत असेच बोलून डार्विनचा सिद्धांत चुकीचा ठरवला. देशातील तीन विज्ञान अकादम्यांनी संयुक्त निवेदन काढून ते खोडले. पुढे एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. २०२३ मध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी त्याला हरकत घेतली. म्हणजे प्रश्न आपल्या नातवंडांच्या शिक्षणाचा आहे.

आजच्या माकडाचा माणूस होतो, असे हा सिद्धांत म्हणतच नाही. दोघांचे पूर्वज एक, एवढेच. चुलतभाऊ हा काही आपला बाप नव्हे. आजोबा मात्र एकच!

पुरावा आपण प्रदक्षिणा घालतो त्या औदुंबरातच आहे. उंबराचे फूल कुणाला दिसत नाही, कारण शेकडो बारीक फुले फळाच्या आत असतात. चिलटाएवढी एक माशी तोंडाच्या बारीक छिद्रातून आत शिरते. शिरताना बहुधा तिचे पंख तुटतात. ती परागकण पोचवते, अंडी घालते आणि आतच मरते. तिच्या लेकी पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे जातात. माशीवाचून झाडाला बी नाही, झाडावाचून माशीला घर नाही. ज्यांचे जमले त्यांची पिढी टिकली. असे कोट्यवधी वर्षे होत ही जोडी घडली. उत्क्रांती म्हणतात ती हीच.

मग विज्ञानाला मर्यादा नाही का? आहे. पण ‘अजून कळले नाही’ ही मर्यादा नव्हे. ते उद्या कळेल. देव अशा रिकाम्या जागेत बसवला, तर शोध लागेल तसा त्याला उठवावे लागेल. खरी मर्यादा वेगळी आहे. जोडी कशी घडली हे विज्ञान सांगते. ती पाहून मी नम्र व्हावे की नाही, हे सांगत नाही. बँकेत आम्ही एका खात्याची नोंद दुसऱ्यात करत नसू. इथेही तसेच.

भागवताच्या अकराव्या स्कंधातील अवधूताने मधमाशी, कोळी, अजगर यांना गुरू केले. आधी नीट पाहिले, मग बोध घेतला. तेव्हा नातवाने डार्विन विचारला, तर त्याला गप्प बसवू नका. पिकलेले उंबर फोडून दाखवा, आणि मग दोघे मिळून नमस्कार करा.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥