समुद्र पाहायला कुठे जावे?

आपल्या सोलापूर जिल्ह्यात भीमा आहे, सीना आहे. भीमेवर उजनीचे मोठे धरण आहे. ते पाणी पाहून पुष्कळांना वाटते, समुद्र असाच असेल. पण समुद्राचे पाणी खारट असते. ते दिवसातून दोनदा पुढे येते, दोनदा मागे जाते. आणि त्याचा पलीकडचा काठ दिसत नाही.

दशरथ हा माझा जुना विद्यार्थी. उन्हाळा लागला तसा तो माझ्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, आमच्या आईनं समिंदर बघितला न्हाई. म्हणती, एकदा डोळ्यानं बघू दे. कुठं न्यावं तिला?"

मी म्हणालो, "जागा मागाहून ठरवू. आधी चार गोष्टी सांग. बरोबर कोण?"

"आई, मंडळी आन दोन पोरं. आईचं गुडघं दुखत्यात."

"दिवस किती?"

"चार. म्हशी शेजाऱ्यावर टाकून जायाचं हाय."

"पैसे?"

"ज्वारी इकून आल्यात थोडं. व्याजानं काढायचं न्हाई."

"हे शहाणपणाचे. सहलीसाठी कर्ज काढू नये. आता महिना कोणता?"

"मे संपता संपता जावं म्हनतो."

"मग आधी हेच बदल," मी म्हणालो. "पावसाळा तोंडावर आला की समुद्र खवळतो. मालवण, मुरुड इकडच्या किल्ल्यांना जाणाऱ्या होड्या बंद ठेवतात. मेच्या सुरुवातीलाच जा."

मग मी त्याला चार जागा सांगितल्या.

घारापुरी. हे मुंबईजवळचे बेट. सोलापूरहून रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघाले की सकाळी मुंबई. गेटवे ऑफ इंडियाहून लाँचने सुमारे एक तास लागतो. डोंगरात कोरलेली लेणी आहेत. तीन मुखांची शंकराची भव्य मूर्ती आहे. पण लेणी सोमवारी बंद असतात, आणि वर जायला शंभरावर पायऱ्या आहेत.

अलिबाग. येथे समुद्रात कुलाबा किल्ला आहे. ओहोटीला चालत जाता येते. घोडागाडीही मिळते. भरतीला मात्र वाट पाण्याखाली जाते.

मुरुड-जंजिरा. हा सिद्दीचा किल्ला. शिवाजी महाराजांनी व संभाजी महाराजांनी प्रयत्न केले, तरी तो हाती आला नाही. राजपुरीहून होडीने जातात. होडीतून चढ-उतार करावी लागते. म्हाताऱ्या माणसाला ते जड जाते.

मालवण. येथे कुरटे बेटावर सिंधुदुर्ग आहे. महाराजांनी १६६४ साली त्याचा पाया घातला. किल्ल्याच्या आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशी त्यांची नावे. सोलापूरहून कोल्हापूर, तेथून घाट उतरून मालवण, असे एस. टी.ने जाता येते.

दशरथाचे मन मुंबईवर होते. मी विचारले, "आईला विचारलेस का?"

दुसऱ्या दिवशी आई स्वतःच आल्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले. म्हणाल्या, "गुरुजी, कोल्हापूर वाटेवर हाय म्हंजे अंबाबाईचं दर्शन हुईल का?"

"होईल. एक रात्र तेथेच मुक्काम करा. गुडघ्यांनाही विसावा मिळेल."

"आन त्या किल्ल्यात चारी बाजूंनी खारं पाणी, मधी गोडं?"

"होय."

"मग तिकडंच जायाचं," आई म्हणाल्या. झाले, ठरले.

मी त्यांना एक गोष्ट सांगितली. ती माझ्या चुकीची आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी माझ्या दहा वर्षांच्या पुतण्याला घेऊन अलिबागला गेलो होतो. ओहोटी होती. आम्ही चालत किल्ल्यात गेलो. किनाऱ्यावर भरतीची वेळ लिहिलेली पाटी होती. मी मास्तर. मला वाचता येत होते. पण मी पाटीकडे पाहिलेच नाही. परत निघालो तेव्हा पाणी गुडघ्याला लागले. अर्ध्या वाटेवर कमरेला आले. पोराच्या छातीशी पाणी लागले आणि त्याचा पाय सुटला. मागून एक कोळीण येत होती. तिने त्याचे मनगट धरले, म्हणून तो वाचला. मी तिला हात जोडले. ती म्हणाली, "मास्तर, पाण्याला इचारून जावा!"

आईंनी विचारले, "पाण्याला कोन वडतं ओ गुरुजी?"

"चंद्र ओढतो. थोडे सूर्यही ओढतो. म्हणून भरतीची वेळ तिथीवर चालते. दर तिथीला ती सुमारे पाऊण तास पुढे जाते."

आपल्या कोकण किनाऱ्यावर दर्यावर्दी लोकांचा एक ठोकताळा आहे. तिथीला तीनने गुणावे, चारने भागावे. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. दोन्ही पक्षांत तिथी एक ते पंधरा अशी मोजावी. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते.

मी दशरथाला पंचमीचा हिशेब करायला लावला. त्याने पाटीवर मांडले. पाच त्रिक पंधरा. पंधराला चारने भागले, पावणेचार. म्हणजे पंचमीला पावणेचारच्या सुमारास भरती, आणि पावणेदहाच्या सुमारास ओहोटी. अमावस्येला व पौर्णिमेला पाणी जास्त चढते. त्याला उधाण म्हणतात. हा हिशेब अदमासाचा आहे. नेमकी वेळ तेथल्या कोळ्यांनाच विचारावी.

आणखी दोन गोष्टी सांगितल्या. २०२३ साली एस. टी.ने बायकांना निम्म्या तिकिटाची सवलत सुरू केली. वयस्कर माणसांनाही सवलत असते. डेपोत चौकशी करावी, आईंचे वयाचे कार्ड बरोबर ठेवावे. होडीत गर्दी असेल तर बसू नये, आणि तरंगायचे जाकीट मागून घ्यावे.

चार दिवसांनी मंडळी परत आली. दशरथ म्हणाला, "गुरुजी, समिंदर दिसला तसा मी पोरांना घेऊन पाण्याकडं पळालो. मागनं हिनं हाक मारली. पाटी वाचीत उभी हुती."

त्याची बायको गेल्या हिवाळ्यात आपल्या साक्षरता वर्गात शिकली. ती हळूच म्हणाली, "लिवलं हुतं, लाटा मोठ्या आहेत, येथे पाण्यात उतरू नये. एकेक अक्षर लावून वाचलं. मग पोरांना माघारी वडलं."

मी मनात म्हटले, मी मास्तर असून जे केले नाही, ते हिने केले.

"आणि आई, तुम्ही?" मी विचारले.

आई म्हणाल्या, "मी वाळूत बसून बघितला. पाण्यात न्हाई गेलं तरी समिंदर तेवढाच दिसतो."

नवे शब्द
भरती – समुद्राचे पाणी पुढे येणे.
ओहोटी – पाणी मागे जाणे.
उधाण – मोठी भरती.
ठोकताळा – अंदाजाचा हिशेब.

प्रश्न
१. सहलीची जागा ठरवण्याआधी कोणत्या चार गोष्टी पाहाव्या?
२. अष्टमीला भरती किती वाजता येईल? हिशेब करा.
३. गुरुजींची चूक कोणती?
४. आपल्या गावातील तीन पाट्या वाचा आणि वहीत उतरून घ्या.