चैत्रातल्या माळावर काय फुलतं?

सोलापूरकडच्या माळावर चैत्रात फुलं बघायला जातो म्हटलं की 'तिथं आता कुसळांशिवाय काय आहे?' असं ऐकावं लागतं. कुसळं आहेतच, जाड मोजे घाला. पण गवत वाळलं की नजर झुडपांकडे वळते आणि या दिवसांत फूल शोधायचं ते बहुधा काट्यांतच.

सोलापूरहून बार्शी रस्त्यानं सुमारे २० किलोमीटरवर नान्नज लागतं. इथलं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. आत जायला वनखात्याची परवानगी घ्या. नाहीतर आसपासच्या गाडीवाटा आणि बांधही पुरे आहेत.

पहिली ओळख तरवडाशी. याला काटे नाहीत. फांद्यांच्या शेंड्याला पिवळ्याधमक फुलांचे घोस, जुन्या चपट्या, कागदी शेंगा झुडपावरच वाजत असतात. शंका आलीच तर पानाचा देठ बघा : बुडाशी कानाच्या पाळीसारखी हिरवी पानं दिसली की तरवडच. साल कातडी कमवायला वापरतात. सोलापूरच्या तेलुगू पद्मशाली घरांत नवरात्रात फुलांची उतरंड, म्हणजे बतुकम्मा रचतात, तिच्यातही हे फूल असतं. तेलंगणाचं ते राज्यफूल, आपल्याकडे मात्र रस्त्याकडेचं झुडूप!

पिवळाच, पण लिंबासारखा फिकट आणि पाकळी रेशमी असेल तर तो पिवळा धोत्रा. पान काटेरी, मोडलं की पिवळा चीक. मूळचा मेक्सिकोचा, बी विषारी.

काटेरिंगणीसाठी मान खाली घाला. जमिनीला चिकटून पसरलेली, अंगभर सरळ पिवळे काटे, जांभळं चांदणीसारखं फूल, मध्ये पिवळे केसर. आयुर्वेदातल्या दशमुळांतलं एक मूळ हिचंच. नेपतीला पानं जवळजवळ नसतातच. हिरव्या काटक्यांच्या जाळीवर लालसर फुलं दिसली की तीच. रुई सगळ्यांना ठाऊक असते, तिच्या दोन जाती मात्र नाही : एकीच्या पाकळ्या सपाट उघडतात, दुसरीच्या उभ्या राहतात आणि टोकं जांभळी असतात. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.

सकाळी सहाला सुरुवात करा, दहाच्या आत परता. माणशी दोन लिटर पाणी हवंच. फूल तोडू नका, फोटो काढा. आणि फोटोसाठीसुद्धा वाट सोडू नका : धाविक आणि चंडोल हे पक्षी या दिवसांत उघड्या जमिनीवर अंडी घालतात. ती मुरमाच्या रंगाची असतात, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.