सामाईक जमिनीचा दावा आणि समेट

वडिलांच्या पश्चात जमीन वर्षानुवर्षे सामाईक ठेवायची, ती एकाच भावाने कसायची, बहिणींची नावे सातबाऱ्यावर येऊ द्यायची नाहीत आणि प्रकरण न्यायालयात गेले की तारखांमागून तारखा घ्यायच्या, हे चित्र आपल्या घरांतही अपरिचित नाही. अशा दाव्यात अडकलेल्या वाचकाने अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहातील एक प्रसंग अवश्य विचारात घ्यावा.

उम्मे सलमा (रजि.) सांगतात की, दोन माणसे वारशाचा जुना वाद घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आली. पुरावा कोणाजवळच नव्हता. प्रेषितांनी (स.) त्यांना समजावले की, आपण मनुष्यच आहोत, जे ऐकू त्यावरून निवाडा करू, एखादा बोलण्यात अधिक तरबेज असेल आणि त्यामुळे भावाचा हक्क त्याच्या पदरी पडला, तर तो अग्नीचा तुकडा समजावा. दोघेही रडू लागले व आपला हक्क दुसऱ्याला देऊ लागले. तेव्हा आदेश झाला की, वाटणी करा, न्यायाची कास धरा, चिठ्ठ्या टाका आणि मग एकमेकांना माफ करा.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. नुसत्या माफीवर प्रकरण मिटविले गेले नाही. वाटणी आधी, माफी नंतर. आपल्याकडे नेमके उलटे घडते. ‘भावाशी वैर नको’ म्हणून बहिणीकडून आधी हक्कसोड लिहून घेतली जाते. आपला हिस्सा किती हेच जिला सांगितले गेले नाही, तिच्या सहीला राजीखुशी म्हणवत नाही.

तेव्हा प्रथम हिस्से काढावेत. मृताचे कर्ज फेडून व वैध मृत्युपत्र पूर्ण करून एक एकर जमीन उरली आणि मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी असे वारस असतील, तर सूरह अन-निसाच्या नियमानुसार चाळीस गुंठ्यांपैकी आईला 5, प्रत्येक मुलाला 14 आणि मुलीला 7 गुंठे येतात. हे हक्क मृत्यूच्या क्षणीच निर्माण होतात. फेरफार नोंदीत नाव नसल्याने ते बुडत नाहीत.

यानंतर समेटाला वाव आहे. एखाद्या वारसाने जाणून-उमजून, स्वखुशीने जमिनीऐवजी रक्कम घेतली तर फिकहमध्ये त्यास ‘तखारुज’ म्हणतात व ते वैध आहे. जमीनच वाटायची असल्यास मोजणी करून, सरस-निरस पाहून, विहीर व वहिवाटीची वाट यांचा उल्लेख करून तुकडे पाडावेत आणि चिठ्ठ्या टाकाव्यात. बहुतेक भांडणे गुंठ्यांवरून कमी आणि विहिरीच्या पाळीवरून अधिक होतात!

दावा प्रलंबित असला तरी मार्ग बंद होत नाही. उभय पक्ष तडजोड पुरसीस दाखल करू शकतात किंवा प्रकरण लोकअदालतीत नेऊ शकतात. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो. त्यावर अपील नाही आणि भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते. त्यानंतर सातबाऱ्यावर स्वतंत्र नोंदी करून घ्याव्यात.

वाटणीआधीच एखाद्याला आपला हिस्सा विकायचा असेल, तर त्याने प्रथम सहहिस्सेदारास विचारावे. हा ‘शुफआ’चा हक्क होय. बांध पडून वाटा वेगळ्या झाल्यावर शाफिई मतानुसार, म्हणजे कोकणातील आपल्या बहुसंख्य बांधवांच्या मसलकानुसार, तो उरत नाही. हनफी मतानुसार मात्र लगतच्या शेजाऱ्यालाही तो पोहोचतो.