दोरीवरच्या कपड्यांचा हिशेब

कपड्यांवरचा खर्च आपल्याकडे बहुतेक घरांत उलटा चालतो. वर्षातून दोनदा नेसायच्या साडीला १२,००० रुपये सहज निघतात, आणि दर आठवड्याला अंगावर चढणाऱ्या ४५० रुपयांच्या कुर्त्यावर मात्र आणखी पन्नास कमी करण्यासाठी घासाघीस. पुरुषांचेही तेच. लग्नातली शेरवानी भरजरी, ऑफिसचा शर्ट 'दोन घ्या, एक फुकट'मधला. माझा सल्ला साधा आहे: जो कपडा जास्त वेळा घालणार, त्यावर जास्त पैसे घाला. तो अमलात आणायला किती खर्च येतो, ते पुढे मांडते. दर पुण्या-मुंबईच्या मध्यम वस्तीतले आणि ढोबळ आहेत. तालुक्याच्या गावी निदान शिलाई तरी बरीच स्वस्त पडेल.

नवे काही घेण्याआधी कपाट आवरत बसू नका. पंधरा दिवस वाळत घालायची दोरी बघा. तिच्यावर पुन्हा पुन्हा दिसणारे सात-आठ कपडे हेच तुमचे खरे कपडे; बाकीचे कपाटाचे भाडेकरू. त्या सात-आठांत सारखे काय आहे ते बघा. कापड कोणते, गळा केवढा, बाही कुठपर्यंत, खिसा आहे की नाही. खरेदीची यादी तिथूनच निघते. मोबाइलवर फिरणाऱ्या 'प्रत्येकाकडे हवेतच' अशा याद्या इथल्या हवेला विचारून केलेल्या नसतात. चिपळूणला जुलैत जाड जीन्स दोन-दोन दिवस वाळत नाही आणि नागपूरच्या मे महिन्यात पॉलिएस्टर पाठीला चिकटते. पांढरी पँट कितीही सुंदर असली, तरी लोकलच्या दुसऱ्या वर्गातून तिने रोज प्रवास करू नये.

आता भागाकार. रोजचे सहा कपडे आलटून पालटून घातले, तर प्रत्येकाची पाळी आठवड्यातून एकदा येते, म्हणजे वर्षाला पन्नासेक वेळा. ४५० चा कुर्ता सहा महिन्यांत विटला, तर तो २५ वेळा घातला गेला. एका वेळचे १८ रुपये. चांगल्या सुती कापडाचा, शिवून घेतलेला कुर्ता पडतो १,३२५ ला: ४४ इंच पन्ह्याचे अडीच मीटर कापड ३५० च्या दराने ८७५ आणि शिलाई ४५०. तो तीन वर्षे टिकला की १५० वेळा घालून होतो आणि एका वेळचे नऊ रुपये पडतात. तिप्पट किमतीचा कपडा निम्म्यात. ती १२,००० ची साडी सहा वेळा नेसलीत, तर दर वेळचे २,००० होतात. साडी घेऊ नका असे मी म्हणत नाही. तिचा हिशेब प्रेमाच्या खात्यात मांडा, काटकसरीच्या नको.

या भागाकारात एक खर्च नेहमी सुटतो, तो इस्त्रीचा. एका कपड्याला १० रुपये धरले, तर १५० वेळांचे १,५०० होतात. म्हणजे १,३२५ च्या कुर्त्याला त्याच्या किमतीहून जास्त पैसे इस्त्रीवाल्याकडे जातात. घरी केलीत तर पैसे वाचतात, पण रविवारची दुपार जाते. म्हणून दुकानात कापड हातात आले की मूठ घट्ट आवळून पाच सेकंद धरा आणि सोडा. खोल सुरकुत्या तशाच राहिल्या, तर ते कापड दर आठवड्याला इस्त्री मागणार. लिननचे हेच दुखणे आहे, ज्यांना चुरगळलेले आवडते त्यांनीच घ्यावे. जरा जाडसर, खडबडीत विणीचे सुती कापड, बारीक चौकडी किंवा छापील नक्षी या गोष्टी सुरकुत्या झाकतात. खळ लागणाऱ्या कडक सुती साड्या रोज नेसणाऱ्यांनी खळीचा आणि रोल पॉलिशचा खर्च साडीच्या किमतीत आधीच मिळवून बघावा.

शिवून घ्यावे की तयार घ्यावे? रोजच्या वरच्या कपड्यांसाठी, म्हणजे शर्ट, कुर्ता, ब्लाउज यांसाठी, मी शिवण्याच्या बाजूची आहे. कारण मापापेक्षाही आत सोडलेली माया. तयार कपड्याची शिवण ओव्हरलॉक मारून काठापर्यंत कापलेली असते. वजन दोन किलोंनी वाढले की कपडा संपला. शिंप्याला सांगून दोन्ही बाजूंना पाऊण-एक इंच माया ठेवून घेतली, तर टीप उसवून तोच कपडा आणखी काही वर्षे चालतो. पँटच्या मागच्या शिवणीत आणि तळाच्या दुमडीतही ती मागून घ्या. टी-शर्ट, जीन्स, अंतर्वस्त्रे मात्र तयारच घ्यावीत. त्यात शिंपी कारखान्याशी स्पर्धा करू शकत नाही.

पुरुषांच्या पूर्ण बाहीच्या शर्टाला ५८ इंच पन्ह्याचे साधारण १.६० मीटर पुरते, ३६ इंच पन्ह्याचे असेल तर सव्वादोन ते अडीच मीटर. दुकानात दर ऐकताना पन्हा विचारल्याशिवाय स्वस्त-महाग ठरवू नका, इथेच पुष्कळांची फसगत होते. ४५० च्या दराने १.६० मीटरचे ७२० आणि शिलाई ५००, मिळून शर्ट १,२२० ला पडतो. पँटला सव्वा मीटर ७०० च्या दराने ८७५, शिलाई ६५०; एकूण १,५२५. चार शर्ट आणि दोन पँटी ७,९३० रुपयांत होतात.

सुती कापड शिवायला देण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता वाळवा. कापड आटायचे ते तेव्हाच आटते. टेलर 'आमच्याकडे भिजवतो' म्हणाला तरी घरीच भिजवा. सोबत तुम्हाला नेमका बसणारा जुना कपडा मापाला द्या; टेपपेक्षा तो जास्त खरे बोलतो. नव्या टेलरकडे एकदम चार कापडे टाकू नका. एक शिवून घ्या, दोनदा धुवा, मग पुढचे. आणि वेळ सांभाळा. दसरा-दिवाळीच्या तोंडावर चांगल्या शिंप्याला मान वर करायला फुरसत नसते. गणपतीआधी किंवा पितृपंधरवड्यात गेलात, तर तो तुमचे ऐकून तरी घेतो. त्या पंधरवड्यात कापड दुकानातही गर्दी नसल्याने तागे उलगडून दाखवायला कोणी कुरकुरत नाही. खादी घ्यायची असेल, तर गांधी जयंतीच्या सुमारास सूट असते तोवर थांबा.

तयार कपडा घेताना आधी तो उलटा करा. टाके बारीक आणि सलग आहेत का, काखेतली आणि आसनाची शिवण दोन्ही बाजूंनी ओढल्यावर फट दिसते का, चौकडी किंवा पट्टे कडेच्या शिवणीवर जुळतात का, बटणामागे दोरा लोंबतो का. पट्टे जुळवायला कापड जास्त लागते, त्यामुळे जिथे ते जुळवले आहेत तिथे बाकी कामातही हात आखडलेला नसण्याची शक्यता जास्त. रंग जाणार का हे बघायला ओला पांढरा रुमाल आतल्या बाजूला घासा. लेबल वाचा. पॉलिएस्टर मिसळलेल्या मऊ कापडावर घासून गोळे येतात आणि ते सुटता सुटत नाहीत. रेयॉन अंगाला गार आणि झुळझुळीत लागते, पण ओले असताना ते बरेच कमजोर होते. पिळून आपटलेत तर लवकर विरते. धागा जाळून 'शुद्ध सुती' ठरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की रेयॉनही कापसासारखेच जळते. त्या परीक्षेत वितळून गोळी होते ते पॉलिएस्टरसारखे कापड, एवढेच खात्रीने कळते.

कराचा एक टप्पा माहीत असावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याला ५ टक्के जीएसटी आहे, त्यापुढे १८ टक्के. म्हणजे करापूर्वी २,५०० चा कपडा २,६२५ ला मिळतो आणि २,६०० चा ३,०६८ ला. मूळ किमतीत शंभराचा फरक, हातात ४४३ चा. मीटरने घेतलेल्या सुती कापडाला मात्र ५ टक्केच लागतो, हा शिवून घेण्याचा आणखी एक फायदा.

दुरुस्तीसाठी वर्षाला ६०० रुपये बाजूला ठेवा, सहसा पुरतात. चेन बदलायला शंभर-दीडशे, बाहीची उंची कमी करायला तेवढेच, रफूला भोकाच्या आकाराप्रमाणे. शर्टाची कॉलर घडीवर विरली की ती उसवून उलटी लावता येते. हे काम करणारे जुने टेलर अजून आहेत, आणि त्यामुळे शर्टाला सहज वर्षभराचे आयुष्य मिळते. धुताना कपडे उलटे करा, गडद रंग सावलीत वाळवा, साबण अर्धा घाला. लायक्रा असलेले कपडे कडक इस्त्रीने सैल पडतात. रंग पक्का करायला मिठाच्या पाण्यावर फार विसंबू नका.

ऑफिसला जाणाऱ्या बाईचे पहिल्या वर्षाचे अंदाजपत्रक असे होते: शिवलेले चार कुर्ते ५,३००, तयार दोन पँटी १,८००, अंतर्वस्त्रे २,०००, पावसाळ्यासाठी चटकन वाळणारा एक कुर्ता ८००, दुरुस्ती ६००. एकूण १०,५००. महिन्याला वीस कपड्यांची इस्त्री बाहेर दिली तर वर्षाचे २,४०० वेगळे. दुसऱ्या वर्षी दोनच कुर्ते लागतात. रंग ठरवताना एकच नियम पाळा: दोन्ही पँटी चारही कुर्त्यांवर चालल्या पाहिजेत. राणी रंग आवडत असेल तर खुशाल घ्या, पँट तेवढी मोरपंखी नको.

सणासुदीसाठी एक चांगले रेशीम पुरे, बाकी बहिणी-जावांत फिरवावे. ब्लाउज तेवढा ज्याचा त्याचा. साडीवर सिल्क मार्क बघा. हातमागाची पैठणी म्हणून पैसे मोजत असाल, तर पदर उलटा करा. तिची नक्षी मागूनही जवळपास पुढच्यासारखीच दिसते, लोंबते धागे नसतात. तशी नसेल, तर ती यंत्रमागाची समजा आणि यंत्रमागाचेच पैसे द्या. जरीची साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत नव्हे, सुती कापडात गुंडाळून ठेवा. डांबरगोळी जरीला लागू देऊ नका आणि वर्षातून दोनदा घड्या बदला, नाहीतर साडी घडीवरच चिरते. एका समारंभापुरता घागरा किंवा शेरवानी हवी असेल, तर भाड्याने आणा.

आणि बिल घ्या. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणे हीसुद्धा तशीच. रंग आवडला नाही किंवा माप चुकले, तर मात्र दुकानदाराच्या मर्जीवर आहे, ते पैसे देण्याआधीच विचारून बिलावर लिहून घ्या. पहिल्या धुण्यात रंग उतरला किंवा शिवण उसवली, तर कपडा, लेबल आणि बिल घेऊन दुकानात जा; तिथे दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.