वाळवीची वाट

मृगाच्या पहिल्या सरीनंतर दिव्याभोवती पंखांचे किडे घिरट्या घालतात आणि सकाळी उंबऱ्यापाशी नुसते पंख पडलेले दिसतात. हे किडे म्हणजे वाळवीचे नर व मादी होत. पंख गाळून ते ओल्या जमिनीत नवा संसार मांडतात. वाळवीस ऊन व कोरडी हवा सोसत नाही. म्हणून ती मातीचे बोगदे बांधीत भिंतीवर चढते. आंब्याच्या फळीवर तर तिचा विशेष लोभ! पोखरलेली तुळई वरून धड दिसते, पण ठोकताच पोकळ वाजते. बोगदा नुसता पुसून भागत नाही. राणी जमिनीखाली सुखरूप असते. म्हणून गळकी कौले पावसाआधीच बदलावी, सरपण भिंतीपासून दूर रचावे आणि पुस्तकांची पेटी विटांवर ठेवावी, म्हणजे बोगदा वर चढू लागताच नजरेस पडतो.