लीथलवर जाण्याआधी

लीथल म्हणजे हार्डच्या पुढची एक पायरी, असं समजून त्यात उतरू नकोस, बाळा. तो वेगळाच खेळ आहे. ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ १७ जुलै २०२० ला आला तेव्हा त्यात ईझी, नॉर्मल आणि हार्ड एवढंच होतं. दहा दिवसांनी, २७ जुलैच्या अपडेटमध्ये, गेम बनवणाऱ्या सकर पंचच्या मंडळींनी लीथल दिला. बहुतेक गेममध्ये पातळी वाढवली की शत्रूची हेल्थ नुसती फुगवतात आणि आपण एकेकाला घाव घालत बसतो. इथे तसं नाही. मंगोलांचा घाव जीवघेणा झाला, तशी आपल्या नायकाची, जिनची तलवारही जीवघेणी झाली. ते जास्त अंगावर येतात, तू त्यांना लवकर दिसतेस, पॅरी आणि डॉजसाठी मिळणारा क्षण आवळला जातो. पण तुझा एक नीट बसलेला घाव समोरच्याला आडवा करतो. म्हणून हार्डवर चालून गेलेली बडवाबडवी आता सोडून दे. लीथलवर जो आधी बघतो त्याचाच घाव आधी बसतो. बाकी मी जे सांगणार आहे ते सगळं ह्या बघण्याविषयीच आहे.

छावणीत शिरण्याआधी उंच गवतात नाहीतर छपरावर बस आणि मोज. भालेवाले किती, ढालवाले किती, तिरंदाज कुठल्या मचाणावर आहेत, कैदी कुठे बांधलेत. कैदी असतील तर घाई मुळीच करायची नाही, कारण तू दिसलीस की ते आधी कैद्यांवर धावतात. मंगोलांचा म्होरक्या दिसला तर लगेच मारू नकोस, थोडा वेळ लपून त्याचा सराव बघ. जिन त्यातूनच नवीन स्टान्स शिकतो. सुरुवातीच्या तासांत कथेच्या मिशनमागे धावण्यापेक्षा हे म्होरके शोधत फिर. चारही स्टान्स हातात नसताना लीथल खेळणं म्हणजे विनाकारण छळ आहे.

तलवारवाल्याला स्टोन, ढालवाल्याला वॉटर, भालेवाल्याला विंड, आडदांड पहिलवानाला मून. हे तुला पाठ आहे, पण बोटांना पाठ पाहिजे. आर टू दाबून बटण शोधायला डोळे कंट्रोलरकडे गेले तर उशीर झालाच. एखाद्या लहानशा टोळीसमोर उभी राहा आणि घाव न घालता नुसते स्टान्स बदल, मागे सर, पुन्हा बदल. कंटाळवाणं वाटेल, तरी कर. त्रिकोणाच्या जड घावाने समोरच्याचा तोल घालवायचा, आणि तोल गेला की चौकोनाने काम संपवायचं. हा क्रम उलटा करू नकोस.

चमक ओळख. घाव येण्याआधी निळी चमक दिसली तर नुसता ब्लॉक धरून चालत नाही, ऐन वेळी एल वन दाबून पॅरी करावी लागते. लाल चमक दिसली तर पॅरीचा विचारच करायचा नाही, सरळ बाजूला हो. लीथलवर लोक मरतात ते बहुतेक लाल चमकेत पॅरी करायला गेल्यामुळे. आणि डॉज मागे मारू नकोस, भाला लांब असतो. तिरका, त्याच्या कुशीकडे मार.

आता ह्या बघण्यावरूनच रामशेज किल्ल्याचं सांगतो. पंचवटीतून पेठ रोडने निघालं की दहा-पंधरा किलोमीटरवर आशेवाडीच्या डोक्यावर तो उभा आहे. आपल्या ब्रह्मगिरीच्या किंवा साल्हेरच्या मानाने बुटकाच. १६८२ मध्ये औरंगजेबाने शहाबुद्दीन खानाला मोठी फौज देऊन त्याच्यावर धाडलं. गडावर शिबंदी काही शेकड्यांची. लोखंडी तोफा नाहीत. किल्लेदाराने लाकडाचे ओंडके कोरले, कातडं वापरलं आणि त्याच्या तोफा करून डागल्या. हे आपल्या बाजूच्या कोणी नव्हे, मोगलांकडच्या खाफीखानाने लिहून ठेवलं आहे. खानाने लाकडाचा उंच दमदमा बांधला, तरी गड पडेना. तो गेला, बहादूरखान आला. त्याने डाव टाकला: एका बाजूने बाजारबुणग्यांना घेऊन प्रचंड गाजावाजा करायचा, आणि दुसऱ्या, शांत बाजूने निवडक माणसं दोरावरून वर चढवायची. किल्लेदाराने ते ओळखलं. गोंगाटाच्या बाजूला त्याने आपलाही गोंगाट ठेवला, नगारे वाजत ठेवले, आणि आपली खरी माणसं शांत बाजूला चिडीचूप बसवली. चढून आलेल्या पहिल्या लोकांनी डोकं वर काढलं तेव्हा समोर तेच होते. तो लहानसा किल्ला पुढे काही वर्षं लढत राहिला. मला ही हकिकत फार प्रिय आहे, आणि तू एकदा पावसाळा सरल्यावर माझ्याबरोबर वर चल. कडा बघितल्याशिवाय त्या दोरावरून चढणाऱ्यांची आणि वर दबा धरलेल्यांची कल्पना येत नाही.

त्सुशिमात नेमकं हेच कर. ओरडत अंगावर येणाऱ्याकडे अर्धं लक्ष दे आणि कॅमेरा सतत फिरवत राहा, तुझ्या पाठीमागे कोण गप्प सरकतोय ते बघ. २०२१ च्या डिरेक्टर्स कटबरोबर एकाच शत्रूवर नजर खिळवणारा लॉक आला. द्वंद्वात तो वापर, गर्दीत कधीही नको. गर्दीत लॉक लावलास की शांत बाजू तुला दिसायची बंद झाली. तिरंदाजांचं मात्र उलट आहे. बाण सोडण्याआधी ते आपल्याच लोकांना सावध करायला हाळी देतात. ती हाळी ऐकायला शीक, भाषा कळायची गरज नाही. म्हणून हेडफोन लाव, गाणी लावून खेळू नकोस.

कुनाई, धुराचे गोळे, चिकटणारे बॉम्ब ह्यांची कंजुषी करू नकोस. छावण्यांतून हवे तेवढे मिळतात. तिघांनी घेरलं की आर वनने कुनाई फेकायची, तिघांचेही तोल जातात आणि एकेक घाव पुरतो. रिझॉल्व्ह मात्र जपून. त्याचे पिवळे गोळे हेल्थ भरायलाही लागतात आणि मोठे डाव टाकायलाही. लीथलवर निदान एक गोळा उपचारासाठी शिल्लक ठेवल्याशिवाय डाव टाकायचा नाही. आणि हेल्थ भरायची ती धुरात किंवा आडोशाला, समोर तलवार उगारलेली असताना नव्हे.

सुरुवातीला समोरासमोर उभं राहून आव्हान देण्याचा जो प्रकार आहे, तो स्टँडऑफ, तुला फार आवडतो हे मला ठाऊक आहे. तो दिसतोही देखणा. पण चुकला तर हेल्थ जवळजवळ संपते, आणि मग उरलेली टोळी तुझ्यावर. त्रिकोण दाबून धर आणि त्याच्या तलवारीकडे नको, पावलांकडे बघ. हूल देताना तो खांदे हलवतो, वरचं अंग झुकवतो. खरा येतो तेव्हा पाऊल टाकून येतो. टोळी मोठी असेल, तिरंदाज जास्त असतील, तर स्टँडऑफ सोडून दे.

ह्यावरून एक मनातलं सांगतो. शिमुरा हा जिनचा मामाच, आईचा भाऊ. तो भाच्याला शिकवतो की शत्रूच्या डोळ्यांत बघून लढावं, मागून वार करू नये. १२७४ मध्ये त्सुशिमा बेटावर कोमोदाच्या किनाऱ्यावर खरोखरच सो सुकेकुनी नावाचा सरदार ऐंशीएक स्वारांनिशी मंगोलांना सामोरा गेला आणि ते सगळे कापले गेले. जिन, शिमुरा ही पात्रं काल्पनिक, पण ती ऐंशी माणसं होती. त्यांचा मान मी कमी करत नाही. तरी गवतातून सरकताना, छपरावरून उडी घेताना तुझं मन खाऊ देऊ नकोस. थोड्या माणसांनी पुष्कळांशी लढायचं तर कसं, हे आपल्याकडे शिवरायांनी उंबरखिंडीत १६६१ मध्ये दाखवून दिलंय, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. हा तुझा मामा मात्र तुला पाठीमागून वार करायची परवानगी देतो.

एक घरातली गोष्ट. तुमच्या हॉलमधल्या टीव्हीवर गेम मोड चालू कर आणि चित्र गुळगुळीत करणारं सेटिंग बंद कर. बटण दाबल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतचा विलंब हार्डवर जाणवत नाही, लीथलवर त्यातच पॅरी हुकते आणि माणूस स्वतःच्या बोटांना दोष देत बसतो. आणि लीथल ज्या अपडेटमध्ये आला, त्यातच लढाईचा जोर कमी करणारी सोयही आली आहे. हात मंद चालणाऱ्यांनाही गोष्ट पुरी करता यावी म्हणून. तुझ्या धाकट्या भावाला ती लावून दे आणि त्याला हिणवू नकोस. पातळी कधीही बदलता येते, आणि लीथलसाठी वेगळी ट्रॉफीही ठेवलेली नाही.

डिरेक्टर्स कटमधल्या इकी बेटावर जायची घाई नको. तिथले सैनिक लढता लढता हत्यार बदलतात. आता ढाल, दोन क्षणांत भाला. बोटांना स्टान्स पाठ झाले नसतील तर तिथे तग धरता येणार नाही. शिवाय मागे उभा राहून मंत्र म्हणणारा शामान असतो. त्याचा आवाज चालू असेपर्यंत भोवतालचे सगळे चवताळलेले असतात. तो कुठे आहे ते कानाने शोध आणि तलवार काढायच्या आधी त्याच्या डोक्यात बाण घाल. त्यासाठी मोठं धनुष्य आधीच नीट वाढवून ने.