जोडबिंदू : पटिच्चसमुप्पादाच्या आकृतीवरून एक पाठ

संगणकाच्या पडद्यावर दोन चौकोन काढावेत आणि त्यांच्यामध्ये एक रेघ ओढावी, एवढे काम आज कोणतेही मूल क्षणात करते. परंतु ती रेघ चौकोनाच्या नेमक्या कोणत्या ठिकाणाहून निघावी, कोठे टेकावी आणि तेथे टेकण्याची तिला मुभा आहे की नाही, हे कोणी ठरवायचे? आपल्या विद्यालयाच्या संगणककक्षात नववीच्या वर्गाला वेबपृष्ठावरील आकृत्या शिकविताना आम्हांला या प्रश्नापाशी बरेच दिवस थांबावे लागले. आकृतीसाठी विषय निवडला होता पटिच्चसमुप्पादाचा. मुले बारा निदाने ओळीने म्हणू शकतात, तेव्हा आकृती सोपी जाईल, अशी आमची समजूत होती. ती कशी चुकली, हे माजी विद्यार्थी, पालक आणि धम्मबांधवांपुढे ठेवण्यासाठी हा पाठ लिहीत आहोत.

प्रथम साधनाविषयी. ‘रिअ‍ॅक्ट फ्लो’ हे मुक्त परवान्याचे, कोणालाही विनामूल्य वापरता येणारे ग्रंथालय आम्ही घेतले. त्यात प्रत्येक चौकोनाला ‘नोड’ म्हणतात, रेषेला ‘एज’, आणि नोडच्या कडेवरील ज्या ठिपक्याला रेघ जोडता येते त्याला ‘हँडल’. या ठिपक्याला वर्गात ‘जोडबिंदू’ हे नाव रूढ झाले. जोडबिंदू दोन प्रकारचे असतात. ‘सोर्स’ म्हणजे जेथून रेघ निघते तो, आणि ‘टार्गेट’ म्हणजे जेथे ती येऊन मिळते तो. तयार मिळणाऱ्या साध्या नोडला वरच्या कडेवर एक आगमनाचा आणि खालच्या कडेवर एक निर्गमनाचा बिंदू असतो. याशिवाय ‘इनपुट’ नावाचा तयार नोड असतो, त्याला केवळ निर्गमनाचा बिंदू. आणि ‘आउटपुट’ नावाचा असतो, त्याला केवळ आगमनाचा. हा लहानसा भेद ध्यानात ठेवावा. पुढे सारा वाद त्यावरूनच झाला.

बारा निदाने वर्तुळावर मांडायची म्हणजे दोन नोडांमध्ये ३० अंशांचे अंतर. घड्याळाप्रमाणे बाराच्या ठिकाणी अविज्जा, एकच्या ठिकाणी सङ्खार, मग विञ्ञाण, नामरूप, सळायतन, फस्स, सहाच्या ठिकाणी वेदना, आणि डावीकडून वर चढत तण्हा, उपादान, भव, जाति, जरामरण. उजवी बाजू सुबक उतरली. डाव्या बाजूला मात्र रेषांचा गुंता झाला. कारण उघड आहे. तेथे क्रम खालून वर जातो, आणि तयार नोडची रेघ तर खालच्या कडेवरून निघून वरच्या कडेवर शिरू पाहते. म्हणून प्रत्येक रेघ आधी खाली जाई, वळसा घेई आणि मग वरून आत येई. उपाय असा की नोड स्वतः घडवावा आणि त्यात हँडल हा घटक आपल्या हाताने बसवावा. त्याला दोन गोष्टी सांगाव्या लागतात : प्रकार कोणता आणि कड कोणती. उजव्या बाजूच्या नोडांना आगमन वरून व निर्गमन खालून; डाव्या बाजूच्यांना याच्या उलट; अविज्जेला निर्गमन उजवीकडे; वेदनेला आगमन उजवीकडून आणि निर्गमन डावीकडे. एवढे केले आणि वर्तुळ मोकळे झाले.

वेदनेपाशी एका विद्यार्थिनीने शंका काढली. वेदना तीन प्रकारची सांगितली आहे : सुख, दुक्ख आणि अदुक्खमसुख. मग तण्हेकडे एकच रेघ का? शंका रास्त होती. आम्ही वेदनेच्या डाव्या कडेवर निर्गमनाचे तीन बिंदू दिले. पडद्यावर मात्र एकच दिसला; तिन्ही एकावर एक, कडेच्या मध्यावर बसले होते. त्यांना वरून २५, ५० आणि ७५ टक्के असे अंतर द्यावे लागले, तेव्हा ते सुटे झाले. तरीही तिन्ही रेघा पहिल्याच बिंदूतून निघत राहिल्या. एका नोडवर एकाच प्रकारचे अनेक बिंदू असतील, तर प्रत्येकाला स्वतंत्र ओळखनाम द्यावे लागते आणि रेघेच्या नोंदीतही ‘सोर्सहँडल’ म्हणून तेच नाव लिहावे लागते. नोंदीत नाव नसेल, तर ग्रंथालय पहिला बिंदू धरून चालते. आणि नाव चुकले तर? एका मुलाने बिंदूला ‘दुक्ख’ आणि रेघेत ‘दुःख’ असे लिहिले. पालीचे संस्कृत झाले आणि रेघ दिसेनाशी झाली! पडद्यावर चुकीची खूण नाही. इशारा फक्त ब्राउझरच्या कन्सोलमध्ये उमटतो. ज्यांना हे काम करावयाचे आहे, त्यांनी रेघ हरवल्यास प्रथम तेथे पाहावे.

खरी कसोटी विञ्ञाण आणि नामरूप यांच्यापाशी लागली. मुखोद्गत क्रमात विञ्ञाणामुळे नामरूप एवढेच येते. परंतु दीघनिकायातील महानिदानसुत्तात नामरूपामुळे विञ्ञाण आणि विञ्ञाणामुळे नामरूप, असे परस्परावलंबन सांगितले आहे. संयुत्तनिकायात सारिपुत्त थेर महाकोट्ठितांना बोरूच्या दोन मोळ्यांचा दृष्टान्त देतात. एकमेकींना टेकून उभ्या असलेल्या मोळ्यांपैकी एक ओढली की दुसरी पडते. आमच्या वर्गाने मात्र, आकृती शिस्तीत राहावी म्हणून, प्रत्येक बिंदूवर एकच रेघ असा नियम आधीच लिहून ठेवला होता. त्यामुळे नामरूपाकडून परतणारी रेघ विञ्ञाणाला मिळेचना. त्याच्या आगमनबिंदूवर सङ्खाराची रेघ आधीच टेकलेली. मुलांनी सांगितले, “सर, प्रोग्रॅम नाही म्हणतोय.” प्रोग्रॅम बिचारा काय म्हणणार? तो नियम आमचाच होता. निदानांची ओळ पाठ होती, म्हणून निदानेही ओळीतच उभी असतील असे आम्ही गृहीत धरले होते.

दुरुस्ती अशी केली. विञ्ञाणाच्या उजव्या कडेवर आगमनाचा आणि नामरूपाच्या उजव्या कडेवर निर्गमनाचा, असे दोन बिंदू वाढविले आणि परतीची रेघ वर्तुळाच्या बाहेरून वळविली. हे बिंदू आम्ही एका बटणाने, पृष्ठ चालू असतानाच उमटविले. बिंदू दिसू लागले. रेघ मात्र येईना. नोड प्रथम मांडला जातो तेव्हा ग्रंथालय त्याच्या बिंदूंचे मोजमाप करून ठेवते. पुढे आपण बिंदू वाढविले वा हलविले, तर ‘यूज-अपडेट-नोड-इंटर्नल्स’ या सोयीने त्याला तसे कळवावे लागते, म्हणजे ते पुन्हा मोजते. याच जातीची आणखी एक अडचण आहे. बिंदू नजरेआड करावयाचा असल्यास तो ‘डिस्प्ले नन’ने लपवू नये, कारण मग त्याला मापच उरत नाही. पारदर्शक करावा, तो दिसत नाही, पण जागेवर राहतो.

राहिली अविज्जा. ती प्रारंभी येते म्हणून मुलांनी तिच्यासाठी सहजच ‘इनपुट’ प्रकारचा नोड घेतला होता. म्हणजे तिच्यातून रेघ निघेल, तिच्याकडे कोणतीही रेघ कधी येऊ शकणार नाही. आकृती पाहण्यास आलेल्या भन्तेजींनी नेमके यावरच बोट ठेवले. ज्याच्यामागे काहीच नाही, असे आदिकारण मानणे हे धम्माला धरून नाही. आणि आम्ही तर एका शब्दाने, नोडचा प्रकार निवडताना, तेच मानून बसलो होतो. मज्झिमनिकायातील सम्मादिट्ठिसुत्तात अविज्जेचा उगम आसवांपासून आणि आसवांचा उगम अविज्जेपासून सांगितला आहे. तेव्हा आगमनाचा बिंदू तिलाही हवाच. आम्ही तो डाव्या कडेवर दिला.

मग प्रश्न आला की तेथे कोणाची रेघ यावी. बहुतेकांचा कौल जरामरणाच्या बाजूने पडला, कारण वर्तुळ मिटते ते तेथे. भवचक्राच्या चित्रांत बारा निदाने चाकाच्या धावेवर अशीच फिरती काढण्याची परंपरा आहे. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात, व्हरांड्याच्या डाव्या अंगाला, भवचक्राचे चित्र आहे. त्याचा बराच भाग नष्ट झाला आहे, आणि जुन्या काळी ते राशिचक्र समजले गेल्याने त्या लेण्याला राशिचक्राचे लेणे म्हणत. सहलीला गेलेल्या माजी विद्यार्थ्यांना ते स्मरत असेल. दुसरा पक्ष म्हणाला की सुत्तांतील ओळ जरामरण, सोक, परिदेव यांपाशी थांबते. तेथून अविज्जेकडे रेघ ओढणे ही चित्रकाराची सोय झाली. त्यांना आसवांसाठी तेरावा नोड हवा होता, अविज्जेशी दोन्ही दिशांनी जोडलेला. या ग्रंथालयाच्या मार्गदर्शिकेत रेघेची वैधता तपासण्याच्या सोयीचा एक नमुना दिला आहे, आणि तो आहे आकृतीत चक्र होऊ न देण्याचा! आमच्या मुलांनी तो वाचला आणि मोठ्याने हसली. ती सोय आम्ही दुसऱ्या कामी लावली : प्रत्येक रेघ त्या त्या पक्षाच्या मान्य जोड्यांच्या यादीत आहे की नाही, एवढेच ती पाहते.

आमचे स्वतःचे मत दुसऱ्या पक्षाकडे झुकते. पण वर्गात ते आम्ही लादले नाही. दोन्ही आकृत्या संगणककक्षातील पहिल्या दोन यंत्रांवर ठेवल्या आहेत. पहिलीत बारा नोड आहेत आणि जरामरणाची रेघ अविज्जेच्या डाव्या बिंदूवर टेकते. दुसरीत तेरा आहेत, आणि जरामरणाच्या निर्गमनबिंदूला अद्याप कोणतीही रेघ जोडलेली नाही. स्नेहमेळाव्याच्या दिवशी कक्ष दिवसभर उघडा राहील.